धक्क्यावरच्या फळीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. नुसती फळी म्हणून पुढे जाऊ नका, मला राग येईल. माझ्या अंगावर एकपासून बारापर्यंत आकडे कोरलेले आहेत, आणि एके काळी सारं गाव त्या आकड्यांवर चालत असे. आज मी दुसऱ्या दहा फळ्यांच्या ढिगात आडवी पडून असते. खेकडे माझ्या सातावरून आठावर जातात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी इथे कशी आले, ते आज सांगून टाकते. इतकी वर्षं मनात ठेवून माझं मन आंबून गेलं आहे.

आमचं गाव समुद्राला इतकं लागून आहे की अंगणात वाळत घातलेले कपडे कधीच पुरते वाळत नाहीत. गाव आणि पाणी यांच्यामध्ये एक दगडी भिंत आहे. होड्या आत ओढून आणायला त्या भिंतीत एक वाट ठेवलेली आहे आणि त्या वाटेला दगडी उंबरा आहे. पाणी चढायला लागलं की वाटेच्या दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये एकावर एक फळ्या सोडायच्या आणि गाव बंद करून टाकायचं. पण या फळ्या कधी सोडायच्या? यावरून पूर्वी रोज भांडणं होत. एक म्हणे पाणी गुडघ्याला आलं, दुसरा म्हणे कमरेला. पाणी एकच असे. पहिला उंच होता आणि दुसरा बुटका, एवढाच फरक होता.

ही कटकट मिटवावी म्हणून होड्या बांधणाऱ्या एका सुतारानं मला घडवलं. एका मोठ्या होडीचं उरलेलं लाकूड त्याच्याकडे होतं. त्यानं त्यावर रंधा फिरवला, फूटपट्टी लावून आकडे कोरले, तेल पाजलं, पांढरा रंग दिला आणि आकड्यांत काळा रंग भरला. काम करताना तो माझ्याशी बोलत असे. "हलू नकोस गं बाई, आठ वाकडा होईल," असं म्हणत असे. आठ थोडा वाकडा झालाच. मग त्यानं मला धक्क्याच्या शेवटच्या दगडी खांबावर उभी केली, तांब्याच्या दोन खिळ्यांनी ठोकली, आणि माझ्या सहाच्या रेघेसमोर त्या दगडात छिन्नीनं एक आडवी खाच पाडली.

त्याची दोन मुलं तिथे उभी होती. थोरली लेक आणि तिचा धाकटा भाऊ. तो त्यांना म्हणाला, "रंग उडेल, खिळे झिजतील, फळीही कधीतरी कुजेल. या खाचेला सहाची रेघ टेकली आहे तोवर फळी खरी. लक्षात ठेवा दोघं."

दोघांनी खाचेत बोट घालून पाहिलं. मला तो दिवस अजून आठवतो.

तेव्हापासून गावाचा नियम ठरला. पाणी नऊला टेकलं की घंटा वाजवायची आणि वाटेत फळ्या सोडायच्या. वाटेचा उंबरा माझ्या साडेनऊच्या उंचीवर होता, म्हणजे तेवढं काम व्हायला पुरेसा वेळ मिळे. लोक मला इतके मानायला लागले की "फळी काय म्हणते?" हे गावाचं बोलणंच होऊन बसलं. होडी काढायची का, फळी काय म्हणते? मासळी सुकत घालायची का, फळी काय म्हणते? एकदा तर बेकरीवाल्यानं मुलीला आलेल्या स्थळाबद्दल बायकोला विचारलं तेव्हाही ती म्हणाली, "जा, फळीला विचारून या." मी फुशारून गेले, हे खोटं कशाला बोलू?

सुतार गेल्यावर माझं काम थोरल्या लेकीकडे आलं. सारं गाव तिला ताई म्हणे. तिनं बावीस वर्षं माझे आकडे वाचले आणि वहीत लिहिले. ऊन असो, वारा असो, ती भरतीच्या वेळी येई, आधी माझ्या अंगाला हात लावी आणि मग आकडा वाची. वर्षातून एकदा मला खाली काढून साफ करण्याची रीत होती. माझ्या अंगावर शिंपल्यांसारखी चिकटलेली कालवं खरवडायची, तेल द्यायचं, रंग द्यायचा आणि पुन्हा जागेवर बसवायचं. धाकटा एव्हाना रंगारी झाला होता, त्यामुळे रंगाचं काम त्याचं. तो मला धरून उभा राही आणि ताई लांबून सांगे, "जरा वर... जरा खाली... बस!" मग दोघंही खाचेत बोट घालून पाहत आणि हसत. बापानं शिकवलेलं विसरायचं नाही, असं ते हसणं होतं.

ताईच्या वह्यांतून एक गोष्ट हळूहळू वर आली. पाणी चढत होतं. पूर्वी वर्षातून एखादी भरती नऊला टेके. आता ती महिन्याला टेकायला लागली. भिंतीचे दगड तळाशी मोकळे झाले होते, आणि भिंतीलगतच्या गोड्या पाण्याच्या विहिरीजवळ उभं राहिलं तर खारा वास येई. गावाला पिण्याच्या पाण्याची ती एकच विहीर.

त्या वर्षी गावसमितीच्या अध्यक्षाची निवडणूक आली आणि ताईनं अर्ज भरला. तिला खुर्चीची हौस नव्हती. तिला भिंत उंच करून हवी होती आणि विहीर वाचवायची होती. तिच्यासमोर उभा होता बर्फाच्या कारखान्याचा मालक. त्याला सगळे बर्फवाला म्हणत. बर्फवाला गोड माणूस होता. कुणाच्या घरी आजारी कोण, कुणाचा मुलगा कोणत्या इयत्तेत, सगळं त्याला तोंडपाठ. बोलायला लागला की समोरच्याला वाटे, याला आपल्यावाचून दुसरं कुणी नाही.

प्रचाराची सभा धक्क्यावरच झाली, म्हणून मी ती पूर्ण ऐकली. ताई म्हणाली, "गोड बोलता येत नाही मला. भिंत दोन हात उंच करावी लागेल आणि पायाशी रुंदही. निम्मा खर्च सरकार देईल. निम्मा आपल्याला काढावा लागेल. तीन वर्षं प्रत्येक घराला झळ बसेल. ज्याला जमणार नाही त्यानं अंगमेहनत द्यावी."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. बर्फवाला उठून हसत म्हणाला, "ताई, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ही भिंत माझ्या आजोबांनी पाहिली, मी पाहतोय, माझी नातवंडंही पाहतील. लोकांच्या ताटातला घास काढायचा आणि दगडात घालायचा, हे कुठलं शहाणपण?"

टाळ्या पडल्या. तेव्हा ताई चिडली. चिडल्यावर तिचा आवाज बारीक होई. ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. याच्यावरही ठेवू नका. येत्या अमावास्येला सकाळी मोठी भरती आहे. सगळे इथे या. पाणी दहाच्या वर गेलं नाही, तर मी त्याच क्षणी अर्ज मागे घेते. फळी काय म्हणते ते बघू."

मित्रांनो, माझ्यावर इतका मोठा भार कुणी कधी टाकला नव्हता. पण मला भीती वाटली नाही. मला फक्त उभं राहायचं होतं, आणि ते मला येत होतं.

आता धाकट्याचं सांगते. त्यानं भिंतीला लागून रंगाचं दुकान बांधलं होतं, वर राहायला दोन खोल्या. दुकानाला जेमतेम वर्ष झालं होतं. भिंत पायाशी रुंद करायची म्हणजे भिंतीलगतची जागा जाणार, हे उघड होतं. ताईनं एके दुपारी हातात खडू घेऊन जाणाऱ्या जागेवर रेघ ओढली. शिंप्याच्या ओट्यावरून ओढली, सायकल दुरुस्तीवाल्याच्या टपरीवरून ओढली, आणि धाकट्याच्या दुकानाच्या मधोमधही ओढली. भाऊ म्हणून रेघ वळवली नाही. पण भाऊ म्हणून आधी घरी जाऊन सांगितलंही नाही. जेवून दुकान उघडायला खाली उतरला तेव्हा त्यानं ती रेघ पाहिली. ताईची चूक कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी ही एकच सांगेन.

दुसऱ्या दिवशी बर्फवाला आणि धाकटा धक्क्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले. माझ्यापासून चार हातांवर. लाकडाला कान असतात हे माणसांच्या ध्यानात येत नाही.

बर्फवाला म्हणाला, "घर बांधायला तुला किती वर्षं लागली?"

"अकरा," धाकटा म्हणाला.

"आणि बहिणीनं ते एका रेघेत पाडलं. मी निवडून आलो तर भिंत आहे तशी राहील, तुझं घर आहे तसं राहील. खांबाला भेगा गेल्यात, मी माझ्या खर्चानं गिलावा करून देतो. फळीला रंग तर तू देणारच आहेस. बसवताना वीतभर वर बसली, तर कुणाचं काय बिघडतं?"

धाकट्यानं वळून आपल्या दुकानाकडे पाहिलं. नंतर म्हणाला, "वीतभरच ना?"

मला वाटलं, हा आता उठेल आणि निघून जाईल. तो उठला, पण सिमेंट आणायला गेला.

त्या आठवड्यात ताई दारोदार फिरत होती. धाकटा तिला म्हणाला, "तू मतं माग, फळीचं मी बघतो." तिला बरं वाटलं. भाऊ रागावला नाही, मदतीला आला, म्हणून तिचे डोळे भरून आले. त्यानं मला खाली काढलं, माझी कालवं खरवडली, तेल दिलं. हात तेच होते, नेहमीसारखे हलके. खांबावर गिलावा झाला आणि सुतारानं पाडलेली खाच त्याच्या आत बुजून गेली. मग त्यानं मला एक वीत वर धरलं आणि ठोकलं. या वेळी लांबून "बस!" म्हणायला कुणी नव्हतं. त्यानं खाचेच्या जागी बोट नेलं, गिलाव्यावर टेकवलं, आणि लगेच काढून घेतलं.

संध्याकाळी ताई आली. नवा रंग पाहून खूश झाली. मग तिनं विचारलं, "आणि खाच रे?"

"गिलाव्यात गेली. पण मी आधी दोरीनं मापून घेतलं होतं."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि माझ्या अंगाला हात लावून गेली. मी ओरडू शकले असते तर सारा धक्का दणाणून सोडला असता. पण माझं बोलणं म्हणजे माझे आकडे, आणि तेच त्यानं माझ्याकडून काढून घेतले होते.

अमावास्येची सकाळ उजाडली. ताईनं सावधगिरी म्हणून पहाटेच वाटेत फळ्या सोडून घेतल्या होत्या. सगळं गाव धक्क्यावर लोटलं. बेकरीवाला बेकरी बंद करून आला, शाळेला सुट्टी दिली, बर्फवाल्यानं मुलांना गोळ्या वाटल्या. पाणी चढत गेलं. पायऱ्यांच्या कडेला जाळी विणणारी आजी उभी होती. ती एकदम म्हणाली, "अगं बाई, माझ्या चपला भिजल्या! या पायरीवर पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं."

खरंच तसं होतं. पाणी दहाच्या वर गेलं होतं. कधी नव्हे त्या पायरीवर लोक घोट्यापर्यंत पाण्यात उभे होते. पण कुणीतरी म्हणालं, "आजी, चपलांचं सोडा, फळी काय म्हणते ते बघा." आणि सगळ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाण्यात उभे राहून, ओल्या पायांनी, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पाणी माझ्या साडेनवाच्याही खाली होतं.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू धक्काभर पसरलं. "बावीस वर्षं वह्या भरल्या, हेच का ते?" "ताई, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं!"

मी फक्त ताईकडे पाहत होते. तिनं भावावर संशय घ्यावा, गिलाव्यावर घ्यावा, माझ्यावर घ्यावा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. तिनं संशय स्वतःवर घेतला. तिच्या चेहऱ्यावरून ते मला दिसलं. आपण इतकी वर्षं चुकीचं वाचलं असेल, असं तिला वाटलं, पण फळी चुकेल असं वाटलं नाही. "दिलेला शब्द पाळते," एवढंच म्हणून तिनं अर्ज मागे घेतला. गर्दीत धाकटा उभा होता. तो स्वतःच्या पायांकडे बघत होता आणि त्याचे पाय पाण्यात होते.

बर्फवाला बिनविरोध निवडून आला. माझे आकडे वाचायला त्यानं आपल्या कारखान्याचा पहारेकरी नेमला. ताई धक्क्यावर यायची बंद झाली. बावीस वर्षं मला रोज हात लागत होता, तो लागेनासा झाला. माझ्यावर कालवं चढली, माझा रंग उडाला, आणि मी रोज न चुकता खोटं बोलत उभी राहिले.

मग एका सकाळी वारा सुटला आणि त्यात मोठी भरती आली. पहारेकरी बिचारा प्रामाणिक माणूस. त्याला सांगितलं होतं, नऊ झाले की घंटा वाजवायची. तो माझ्याकडे डोळे लावून उभा होता. माझ्या नवाला पाणी टेकलं तेव्हा त्यानं जीव खाऊन घंटा वाजवली, पण तोवर पाणी उंबरा ओलांडून आत धावत होतं. वाहत्या पाण्यात फळ्या खाचेत बसेनात. चार माणसं एक फळी दाबत होती आणि पाणी तिला उचलून फेकत होतं. शिंप्याच्या घरात पाणी शिरलं, शाळेत शिरलं, धाकट्याच्या दुकानात शिरलं आणि रंगाचे डबे रस्त्यावर तरंगायला लागले. सगळ्यात शेवटी ते विहिरीत उतरलं. जीव कुणाचा गेला नाही. पण त्या दिवसापासून गाव टँकरचं पाणी पितं.

ओहोटी लागल्यावर सगळे धक्क्यावर जमले. बर्फवाला म्हणाला, "फळीनंच दगा दिला. जुनी झाली, कुजली. हिच्या भरवशावर राहायलाच नको होतं." आणि मित्रांनो, सगळ्यांनी माना डोलावल्या! ज्यांच्यासाठी मी ऊन खाल्लं, मीठ खाल्लं, तेच. धाकटाही तिथे होता. त्यानं मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. मला तेच जास्त लागलं.

तेवढ्यात ताई आली. तिच्या हातात बापाची छिन्नी होती. घरातलं पाणी उपसताना दाराच्या चौकटीवर तिनं पाण्याची रेघ पाहिली होती आणि माझा आकडा त्या रेघेशी जमत नव्हता. ती सरळ खांबाशी गेली. गुडघ्यावर बसली, गिलाव्यावर छिन्नी ठेवली आणि ठोकायला लागली. सिमेंटचे तुकडे पाण्यात पडत गेले. पाचव्या की सहाव्या घावाला खाच उघडी पडली. माझी सहाची रेघ तिच्या वर, बरोब्बर एक वीत. ताईनं आपला पंजा ताणून मध्ये धरला. अंगठा खाचेवर, करंगळी रेघेवर.

कुणी केलं, असं तिनं विचारलं नाही. मला दरवर्षी कोण बसवतं हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

धाकटा पुढे आला. "ताई... वीतभरच तर सरकवली होती."

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "घरात पाणीही वीतभरच आलं."

तुम्हाला वाटेल, मग गावानं तिची माफी मागितली असेल, तिला अध्यक्ष केलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण ज्यांनी तिला हसून घालवलं होतं, त्यांना तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटायला लागली, आणि लाज वाटते म्हणून ते तिला टाळायला लागले. रस्त्यात ती दिसली की कुणाला तरी दुकानात काहीतरी घ्यायचं आठवे. बर्फवाला म्हणाला, झालं ते झालं, आता पुढचं बघू. पुढचं म्हणजे त्यानं शहरातून लोखंडी पट्टी आणवली, छापील आकड्यांची, आणि खांबावर स्क्रूनं बसवली. ती खाचेला धरून बसवली की नाही, हे कुणी पाहिलं नाही. भिंत होती तेवढीच आहे.

मला जाळायला काढलं होतं. ताईनं मला खांद्यावर घेतलं आणि वाटेतल्या फळ्यांच्या ढिगात आणून ठेवलं. माझी लांबी त्या वाटेला नेमकी बसते. जाता जाता ती म्हणाली, "आता कुणाला काही सांगू नकोस. नुसती अडव." तिनं मला हात लावला तो तेव्हा शेवटचा. तिनं मला माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. मी खोटं बोलले नाही, मला बोलायला लावलं, हे तिला कळतं. तरी तिचं सगळं गेलं ते माझ्या तोंडून गेलं, हेही खरंच आहे.

हल्ली भरतीला वाटेत फळ्या सोडायला धाकटा येतो. त्याला कुणी नेमलेलं नाही, तो आपणहून येतो. मला तो सगळ्यात शेवटी उचलतो आणि आकडे समुद्राकडे करून सोडतो, म्हणजे गावाकडून कुणाला वाचता येऊ नयेत. ताई लांब पायऱ्यांवर उभी असते. शाळेतली मुलं तिला विचारतात, "आत्या, पाणी किती?" ती लोखंडी पट्टीकडे बघतही नाही. मुलांना चपला काढायला लावते आणि म्हणते, "उतरा. पायऱ्या मोजा. तुमचे पाय काय म्हणतात ते सांगा."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. आम्हा जुन्या वस्तूंना रंग द्या, तेल द्या, पण आम्हाला ज्या खाचेवर बसवलं ती खाच बुजू देऊ नका. दरवर्षी तिच्यात बोट घालून बघा. भाऊ म्हणाला "मी मापलंय" तरी बघा. आणि तुमचे पाय ओले झाले असतील, तर माझ्यासारखीनं काहीही सांगितलं तरी ऐकू नका.

आज अमावास्या आहे. पाणी येतंय. धाकट्यानं आत्ताच मला वाटेच्या खाचांत सोडलं, आणि तिकडे धक्क्याच्या पायऱ्यांवरून मुलं ओरडतायत, "आत्या, तिसरी पायरी!"